न्यूअर्क ते मुंबई: किलोमीटर तेवढेच, तास मात्र कुणाच्या हातात?



जानेवारीतल्या एका मंगळवारी पहाटे पावणेतीनला न्यू जर्सीत आपल्यातल्याच एका घरी फोन वाजला. अशा वेळी वाजणारा फोन म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. सांगलीहून धाकट्या भावाचा फोन होता. "ताई, बाबा गेले." थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग त्याने विचारलं, "तू कधी पोचशील? थांबायचं ना आम्ही?" आणि ताई म्हणाली, "उद्या रात्रीपर्यंत पोचते. थांबा."

ती पोचली गुरुवारी सकाळी साडेसातला. घरच्यांनी बुधवारी रात्री उशिरापर्यंत वाट पाहिली आणि मग सगळं उरकून घेतलं.

चूक कुणाचीच नव्हती. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर पोचलं. पण 'उद्या रात्री' हा आकडा ताईच्या तोंडून आला कुठून? आला तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेल्या एका वाक्यातून: "पंधरा तासांचं तर विमान आहे!" या लेखात आम्ही हेच वाक्य जरा उलगडून बघणार आहोत. कारण गेल्या काही वर्षांत या पंधरा तासांचं फार काही झालं आहे, आणि ते बातम्यांत ज्या भाषेत येतं त्यावरून आपल्या घरावर त्याचा काय परिणाम होतो ते लक्षात येत नाही.

धागा ताणून बघा

मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल असेल तर एक धागा घ्या. एक टोक न्यूयॉर्क-न्यूअर्कवर, दुसरं मुंबईवर, आणि धागा घट्ट ताणा. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून वाटतं की विमान अटलांटिक ओलांडून स्पेन, इजिप्त, अरबस्तान असं सरळ पूर्वेला जात असेल. धागा मात्र वर उत्तरेला चढतो. न्यूफाउंडलंड, आइसलंड, हेलसिंकीच्या जवळून, जवळपास मॉस्कोच्या डोक्यावरून, मग तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, आणि शेवटी गुजरातवरून मुंबई. हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर, म्हणजे ७,८०० मैल.

मोठं विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जातं. भागाकार केला तर चौदा तास येतात. चढणं-उतरणं, वळणं, वारा धरून पंधरा. परतीला सोळा किंवा जास्त, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. भारतात जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर.

आता त्या धाग्याखालचे देश पुन्हा वाचा: रशिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान. जगात ज्या देशांची नावं आपण पहिल्या पानावर वाचतो, नेमके तेच आपल्या माहेरच्या वाटेवर आहेत. धाग्याची लांबी बदलत नाही. पण त्या धाग्यावरून कुणाला जाऊ द्यायचं, हे खालचे देश ठरवतात.

दोन महिने ते पंधरा तास

थोडं मागे जाऊया. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. जवळपास दोन महिने. ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं त्यांचं घर न्यू जर्सीत रोझेलला, म्हणजे आजच्या न्यूअर्क विमानतळापासून अगदी थोड्या मैलांवर. आपल्यातल्या कितीतरी जणांचा रोज ऑफिसला जायचा रस्ता तिथून जातो.

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ घेऊन एअर इंडिया लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत पोचली. साठ-सत्तरच्या दशकांत इथे आलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींना लंडनचा तो थांबा आठवत असेल.

मधे न थांबणारं विमान ही मात्र अगदी अलीकडची गोष्ट आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये डेल्टाने न्यूयॉर्क-मुंबई थेट सेवा सुरू केली, ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाने, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉन्टिनेन्टलने न्यूअर्कहून. एडिसन, पिस्कॅटवे, पार्सिपनीच्या मराठी घरांत तेव्हा झालेला आनंद आम्हाला चांगला आठवतो. "आता आई-बाबांना फ्रँकफर्टला गेट शोधत फिरायला नको!" एकट्याने येणाऱ्या आजीसाठी हे विमान म्हणजे चैन नव्हती. इंग्रजीचा धाक वाटणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला एकदा मुंबईला बसवलं की न्यूअर्कला उतरवून घ्यायचं, एवढं सोपं झालं होतं.

आपण तेव्हा समजलो की प्रश्न कायमचा सुटला. तसं झालं नाही. डेल्टाची सेवा बंद पडली, डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तीनच महिन्यांत करोनाने पुन्हा थांबली. एअर इंडियाची मुंबई-न्यूयॉर्क सेवाही मधे खंडित होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये परत आली. थेट विमान ही एक सोय आहे. ती येते आणि जाते, रस्त्यासारखी कायम पडून राहत नाही.

एकाच दोन शहरांमध्ये दोन आकाशं

आता अलीकडची गोष्ट. तारखा एकापाठोपाठ एक मांडल्या की चित्र स्पष्ट होतं.

२७ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं. ते १६ जुलैला उघडलं. दिल्लीहून अमेरिकेला येणारी एअर इंडियाची विमानं या काळात लांबचा वळसा घेऊन, मधे इंधनासाठी उतरत येत होती. त्याच वर्षी जूनमध्ये इराणने अमेरिकेचं मानवरहित विमान पाडलं, आणि युनायटेडने न्यूअर्क-मुंबई सेवा तडकाफडकी थांबवली. उन्हाळ्याच्या सुट्टीचे ऐन दिवस होते. जानेवारी २०२० पासून तर अमेरिकेच्या सरकारने आपल्या विमान कंपन्यांना इराणवरून जायलाच मनाई केली.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं आणि अफगाणिस्तानच्या आकाशात वाट दाखवणारा नियंत्रण कक्षच उरला नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे अमेरिका आणि रशियाने एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं. युनायटेडने न्यूअर्क-मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली या दोन्ही सेवा तेव्हा थांबवल्या.

भारतीय विमानांना मात्र रशियाचं आकाश मोकळं राहिलं. एअर इंडियाला त्याचा फायदा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये तिने मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं. कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी तो सणच होता. सुमारे साडेतेरा हजार किलोमीटरची ती वाट ध्रुवाकडून, सैबेरियावरून येते.

मग पहलगाम झालं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना. मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. पण ही बंदी होती भारतीय विमानांवर. अमेरिकी विमानांवर नाही.

इथे थोडं थांबून विचार करा, मंडळी. २०२५ च्या मध्यावर अमेरिकी विमानाला पाकिस्तान उघडा होता, पण रशिया आणि इराण बंद. भारतीय विमानाला रशिया उघडा होता, पण पाकिस्तान बंद. तीच दोन शहरं, तोच धागा, पण शेपटीवर कोणता झेंडा रंगवला आहे त्यावरून वाट वेगळी आणि तास वेगळे. तिकिटाच्या संकेतस्थळावर दोन्ही विमानांपुढे 'नॉन-स्टॉप' एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं विमान कुणाच्या मर्जीवर चाललं आहे ते लिहिलेलं नसतं.

आणि ही मर्जी एका रात्रीत बदलते. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि हवेत असलेली कित्येक विमानं अर्ध्या वाटेवरून परत फिरली. २३ जूनला कतारमधल्या अमेरिकी तळावर इराणने क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा दोहा, दुबई हे आपले नेहमीचे थांबेच काही तासांसाठी बंद झाले.

एका तासाची किंमत

वळसा घेतला तर तास-दीड तासच वाढतो, त्यात एवढं काय, असं वाटू शकतं. पण मोठं विमान तासाला सुमारे सात-आठ टन इंधन जाळतं. दीड तास वाढला की दहा टनांहून जास्त इंधन लागतं, आणि ते इंधन वाहून न्यायला आणखी इंधन लागतं. विमानाच्या वजनाला मर्यादा असते. मग एक तर माणसं आणि बॅगा कमी करायच्या, नाही तर मधे कुठेतरी उतरून टाकी भरायची. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते, ती ओलांडली की नवे वैमानिक चढवावे लागतात. म्हणूनच मे २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला निघालेली 'थेट' विमानं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरून येत होती.

यात दिल्लीपेक्षा मुंबईचं नशीब बरं. दिल्लीहून पश्चिमेला जायचं तर पाकिस्तान अगदी दारातच आहे. तो चुकवायला आधी दक्षिणेला गुजरातपर्यंत खाली यावं लागतं. मुंबईहून निघालेलं विमान पहिल्याच मिनिटाला अरबी समुद्रावर असतं. २०१९ आणि २०२५ या दोन्ही वेळी मराठी प्रवाशांचे हाल दिल्लीकडच्यांपेक्षा कमी झाले, त्याचं कारण हे समुद्राकाठचं घर.

तरी झळ लागलीच. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं विमान कोसळून २६० जीव गेले, त्यानंतर तपासण्यांसाठी कंपनीने मोठ्या विमानांची आंतरराष्ट्रीय उड्डाणं काही काळ १५ टक्क्यांनी कमी केली. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा बंद झाली. कंपनीने कारणं दोन दिली: दुरुस्तीसाठी गेलेली विमानं, आणि पाकिस्तानचं बंद आकाश. मेरिलंड-व्हर्जिनियातल्या ज्या घरांनी दिवाळीसाठी आई-वडिलांची तिकिटं आधीच काढली होती, त्यांना ही बातमी पत्रकातून नाही, बदललेल्या तिकिटातून कळली.

मोकळ्या आकाशालाही अटी असतात. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगादानला उतरलं. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी. दुसरं विमान येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत जवळपास दोन दिवस ही मंडळी परक्या देशात, वसतिगृहांत जमिनीवर गाद्या घालून राहिली. त्यात म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती, आणि त्यांची औषधं पोटातल्या सामानात होती. विमान सुखरूप उतरलं, ही मोठीच गोष्ट. पण जवळचा रस्ता कुणाच्या अंगणातून जातो, याची त्या दिवशी सगळ्यांना आठवण झाली.

थांबा म्हणजे लांबचा रस्ता नव्हे

आता एक गंमत सांगतो, जी आम्हालाही आकडे मांडेपर्यंत माहीत नव्हती. न्यूयॉर्क ते लंडन सुमारे ५,५४० किलोमीटर. लंडन ते मुंबई सुमारे ७,२००. बेरीज १२,७४०. म्हणजे लंडनला उतरून गेलं तर वाट वाढते फक्त दोनशे किलोमीटर, मुंबई-पुण्याहून जेमतेम जास्त. दुबईमार्गे सुमारे ४०० किलोमीटर वाढतात, दोह्यामार्गे ५००. बारा-तेरा हजारांच्या हिशोबात हे काहीच नाही.

म्हणजे थांब्याने वाढतात ते किलोमीटर नव्हेत, तास. आणि ते तास हवेत जात नाहीत, विमानतळावर जातात. तीन तासांचा थांबा असला तर एकूण प्रवास एकोणीस तासांचा, नऊ तासांचा असला तर पंचवीस. म्हणून तिकीट काढताना 'किती थांबे' यापेक्षा 'थांब्यावर किती तास' हे आधी बघावं. पश्चिम किनाऱ्यावरच्यांनी पूर्वेची वाटही लक्षात ठेवावी. हाँगकाँगमार्गे सॅन फ्रान्सिस्को-मुंबई सुमारे १५,४०० किलोमीटर होतात, म्हणजे जवळपास दोन हजार जास्त. पण त्या वाटेवर इराणही नाही, पाकिस्तानही नाही.

आता त्या ताईकडे परत जाऊ. फोन आला मंगळवारी पहाटे पावणेतीनला. तेव्हा सांगलीत मंगळवार दुपारचा सव्वा वाजला होता, कारण हिवाळ्यात आपल्यात साडेदहा तासांचा फरक असतो. तिने थेट विमान घेतलं, सर्वांत वेगाचं म्हणून. ते संध्याकाळी साडेआठला सुटणार होतं. म्हणजे जवळपास अठरा तास ती घरातच बसून होती. मग पंधरा तास हवेत. मुंबईला उतरली तेव्हा तिथे बुधवार रात्रीचे दहा वाजले होते. इमिग्रेशन आणि बॅगा दीड तास. पुढे सांगली जवळपास पावणेचारशे किलोमीटर, गाडीने आठ तास. गुरुवार सकाळी साडेसात. फोनपासून दारापर्यंत बेचाळीस तास. त्यातले हवेतले पंधरा.

त्याऐवजी मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सुटणारं, आखातात तीन तास थांबणारं विमान मिळालं असतं तर? साडेबारा तास, मग तीन, मग आणखी तीन. मुंबईला बुधवारी दुपारी चार, आणि सांगलीला रात्री दीड. सहा तास आधी. जे विमान हवेत कमी वेळ असतं ते घरी आधी पोचवतंच असं नाही. तातडीच्या वेळी सर्वांत वेगाचं नव्हे, सर्वांत आधी सुटणारं विमान बघावं. आणि हे पहाटे पावणेतीनला रडत असलेल्या माणसाला सुचत नाही. ते आधीच माहीत असावं लागतं.

एका शनिवारची गोष्ट

तासांचा हा हिशोब फक्त दुःखाच्या वेळी लागतो असं नाही. १९ सप्टेंबर २०२५ हा शुक्रवार आठवा. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला. अंमल रविवार २१ सप्टेंबरच्या मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटापासून. गणपतीला गेलेली कित्येक मंडळी अजून भारतात होती, काही जण आई-वडिलांना भेटायला म्हणून नुकतीच पोचली होती. कंपन्यांचे निरोप आले: मुदतीच्या आत परत या.

भारतात तेव्हा शनिवारची पहाट होती. इथली रविवारची मध्यरात्र म्हणजे भारतातली रविवार सकाळ साडेनऊ. सोळा तासांचं थेट विमान धरलं तरी शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत मुंबई सोडायला हवी होती. आणि अमेरिकेची विमानं मुंबईहून बहुतेक रात्रीच सुटतात. कागदावर सत्तावीस तास होते, प्रत्यक्षात निम्मेही नव्हते. इथून भारताकडे निघालेले काही प्रवासी तर विमानात बसलेले असताना बातमी वाचून खाली उतरले. दुसऱ्या दिवशी सरकारने खुलासा केला की हे शुल्क नव्या अर्जांसाठी आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना लागू नाही. तोवर तिपटीने पैसे मोजून लोक निघाले होते, कुणी लग्न अर्धवट टाकून, कुणी वर्षश्राद्ध न करता.

त्या दिवशी आपल्या सगळ्यांना कळलं की वॉशिंग्टनच्या एका सहीचं आणि मुंबईच्या वेळापत्रकाचं गणित आपल्या घरात येऊन सुटतं, किंवा सुटत नाही.

मग आपण काय करावं?

आकाश उघडणं आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी आहेत.

आई-वडील एकटे येणार असतील तर अजूनही थेट विमानच बरं, थोडे जास्त पैसे पडले तरी. मात्र 'थेट' म्हणजे 'मधे उतरणार नाहीच' असं त्यांना सांगू नका. "कदाचित मधे एकदा विमान उतरेल, तुम्ही जागेवर बसून राहा, घाबरू नका," हे आधी सांगा. दोन दिवसांची औषधं आणि चष्मा हातातल्या पिशवीत ठेवायला लावा. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागा. आणि परतीच्या तारखेचा घोळ समजावून सांगा. आमच्याकडच्या एका आजींनी पहिल्या खेपेला हिशोब केला होता, "रात्री एकला निघाले, सकाळी साडेसहाला पोचले, म्हणजे साडेपाचच तास. उगीच लांब लांब म्हणता!"

थांब्याचा प्रवास असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान वळसा घेऊन उशिरा पोचलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

मुंबईला उतरल्यावरचे तास मोजायला विसरू नका. आपल्यापैकी बहुतेकांचं घर मुंबईत नाही. पुणे चार तास, नाशिक चार तास, कोल्हापूर-सांगली आठ. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून विदर्भाकडच्यांना मुंबईहून रस्त्याने जाणं तरी शक्य कोटीत आलं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून देशांतर्गत विमानं उडू लागली. ते पुण्याच्या बाजूला आहे हे खरं, पण उतरणार एका विमानतळावर आणि पुढचं विमान दुसऱ्यावर, असं होत नाही ना, ते तिकीट काढतानाच तपासा.

सगळ्यांचे पासपोर्ट, ओसीआय कार्डं, व्हिसा चालू आहेत ना, हे दर वर्षी गुढीपाडव्याला एकदा बघून ठेवा. पहाटेच्या फोननंतर मुदत संपलेला पासपोर्ट हातात येण्यासारखं दुसरं दुर्दैव नाही.

आणि एक शेवटची गोष्ट, जी लिहिताना आमचाही हात थोडा अडखळतो. भारतातल्या भावंडांशी एकदा शांतपणे बोलून ठेवा. "माझ्यासाठी किती थांबायचं?" हा प्रश्न आज, सगळे धडधाकट असताना विचारला तर अवघड वाटेल. पण तो त्या रात्रीवर टाकला तर उत्तर घाईत निघतं, आणि भावना सांभाळायच्या नादात आपण चुकीचा आकडा सांगून बसतो. एक आकडा देऊ नका, दोन द्या. "सगळं नीट झालं तर छत्तीस तास, नाही तर अठ्ठेचाळीस. त्यापुढे थांबू नका." काही घरांनी तर ठरवूनच टाकलं आहे की थांबायचंच नाही. सगळं तिथे वेळेवर करायचं आणि इथून गेलेल्याने दहाव्याला, तेराव्याला पोचायचं. त्यात कमी प्रेम असतं असं आम्हाला वाटत नाही.

त्या ताईला आम्ही नंतर भेटलो. ती म्हणाली, "मी पोचले नाही याचं दुःख आहेच. पण जास्त सलतं ते हे की त्यांना मी रात्रभर थांबवून ठेवलं. मला खरंच वाटलं होतं की पंधरा तासांत मी घरी असेन."

मंडळी, न्यूअर्क-मुंबई पंधरा तासच आहे. घर त्याच्या पुढे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
संपादक मंडळ